रुंद काठाची वाकळ: नक्षी काढण्याआधी कोपरा मोजा

उन्हाळ्यात शेतातली कामं थांबली की आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या वस्त्यांवर जुन्या साड्यांची गाठोडी सुटतात. वाकळी शिवायचा हा हंगाम. हल्ली त्यात एक नवी मागणी आली आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं: मध्ये चौकटींची वाकळ, भोवती वीतभर रुंद काठ आणि काठावर मशीननं काढलेली वेल, चारही कोपऱ्यांत अगदी सारखी वळलेली. “ताई, असा काठ करून द्या.”

शिवणारीचा हात मशीनवर चांगला बसलेला असतो, वेलही सुरेख काढता येते. तरी काठ फसतो. तीन कोपरे जमतात आणि चौथ्यात पान अर्धंच बसतं. नाहीतर नक्षी छान बसते, पण वाकळ अंथरली की कडेला लाटा उठतात. मग बाई म्हणते, “मला चित्रकला येत नाही.” चित्रकलेचा इथे फारसा संबंध नाही. रुंद काठ हे मोजणीचं काम आहे. मोजणी नीट झाली असेल तर सामान्य वेलसुद्धा देखणी दिसते, आणि ती चुकली असेल तर उत्तम वेलही वाया जाते.

## वाकळीचे तीन थर आणि शिलाईचं काम

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, तिचे थर तीन. वरचा दर्शनी थर, मधली भर आणि खालचं अस्तर. भर म्हणजे जुन्या साड्या-धोतरं, कापसाची शीट किंवा बाजारात मिळणारी पॉलिस्टरची शीट. हे तिन्ही थर एकमेकांना बांधून ठेवणारी जी शिलाई, तिलाच क्विल्टिंग म्हणतात. ती शोभेची दिसली तरी तिचं खरं काम भर जागच्या जागी धरून ठेवण्याचं. शिलाई विरळ असेल तर धुताना भर सरकते, गोळे होतात.

जुन्या हातशिलाईच्या अनेक वाकळी बघा. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनी फेरे घेत आत आत जातो. प्रत्येक फेरा कोपऱ्यावर आपोआप वळतो आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहतं. त्या बायांनी काठाचा वेगळा विचार केला नव्हता, कारण तो करावाच लागत नव्हता. कोपरा कसा वळवायचा आणि टाके किती दाट घालायचे, हे दोन्ही प्रश्न त्या एकाच रेषेत सुटलेले होते. आपण काठ वेगळा काढून त्यावर नक्षी ठेवली की हे दोन्ही प्रश्न पुन्हा उभे राहतात. पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांबद्दलच आहे.

## काठ दिसतो तेवढा लहान नसतो

हिशोबासाठी एक वाकळ ठरवून घेऊ. सहा-सहा इंचांच्या चौकटी, आडव्या 7 आणि उभ्या 11. म्हणजे मधला भाग 42 बाय 66 इंच. त्याभोवती 10 इंच रुंद काठ. बाहेरचं माप झालं 62 बाय 86.

आता क्षेत्रफळ काढा. पूर्ण वाकळ 5,332 चौरस इंच, मधला भाग 2,772. उरलेले 2,560 चौरस इंच काठाचे. म्हणजे जवळजवळ निम्मी वाकळ काठातच गेली! मी हा आकडा शिवणकाम शिकणाऱ्या मुलींना सांगते तेव्हा त्या पुन्हा गुणाकार करून बघतात. “मधलं काम झालं, आता नुसता काठ राहिला” असं म्हणणारीनं हा आकडा लक्षात ठेवावा. तिचं निम्मं काम अजून बाकी असतं.

कापड मात्र वाटतं तेवढं लागत नाही. 44 इंच पन्ह्याचं 2 मीटर कापड घेतलं आणि उभ्या धाग्यात साडेदहा इंचांच्या चार पट्ट्या फाडल्या तर चारही बाजू निघतात. आधी 66 इंचांच्या दोन उभ्या पट्ट्या जोडायच्या, मग 62 इंचांच्या दोन आडव्या. उभ्या धाग्याचा आग्रह उगाच नाही. उभा धागा सर्वांत कमी ताणतो, आडवा त्याहून जास्त आणि उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं कापड, तर फारच. काठ ताणला गेला की पुढचं कुठलंच माप जुळत नाही. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. लाल किंवा गडद निळं असेल तर नक्कीच, रंग सोडतो की नाही तेही कळतं.

पट्टीचं माप वाकळीच्या कडेवरून घेऊ नये. शिवताना कडा ताणलेल्या असतात. मध्यावर आणि दोन्ही बाजूंना थोडं आतून, अशी तीन मापं घ्यावीत, त्यांची सरासरी काढावी आणि पट्टी त्याच लांबीची कापून टाचण्या लावून बसवावी. बऱ्याच जणी पट्टी लांब ठेवतात, कडेनं शिवत जातात आणि उरलेली शेवटी कापतात. कडा लाटा मारण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

## पंगत मांडता येते तर काठही मांडता येतो

नक्षीचा एक तुकडा जेवढ्या लांबीनंतर पुन्हा तसाच सुरू होतो, त्या लांबीला आपण ‘घर’ म्हणू. हा शब्द एवढा एकच लक्षात ठेवा.

मांडवात पंगत मांडताना काय करतो? भिंतीच्या कडेनं 11 पानं बसतात आणि थोडी जागा उरते. म्हणून कुणी शेवटी अर्धं पान मांडत नाही. सगळी पानं बोटबोट सरकवून घेतो, पंगत भिंतीला भिंत भरते, आणि कुणाला काही कळतही नाही. काठाचं तसंच आहे. घराची लांबी आधी ठरवून एका टोकापासून काढत जायचं नसतं. बाजूची लांबी आधी घ्यायची, घरं किती हवीत ते ठरवायचं आणि लांबीला घरांनी भागायचं. येईल ती घराची लांबी.

आपल्या वाकळीत मधला भाग 42 आणि 66. दोन्हींना 6 नं भाग जातो. 6 इंचांची 7 घरं एका बाजूला आणि 11 दुसऱ्या. सुटलं. पण शिवून झाल्यावर मापं अशी गोंडस राहत नाहीत. माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं कापड, थोडी कमी-जास्त होते आणि 42 चे साडेएकेचाळीस होतात. हरकत नाही. 41.5 भागिले 7 म्हणजे 5.93 आणि दुसरी बाजू 6. दोन बाजूंच्या घरांत एवढा फरक कुणालाच दिसत नाही. माझ्या अनुभवात शंभराला पाच-सहापर्यंतचा फरक डोळा खपवून घेतो, दहाच्या पुढे गेला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागतं.

## कोपरा आधी, मधलं नंतर

खरी मेख इथे आहे.

तासगावकडची द्राक्षाची वेल घेऊ. आपल्या भागाला शोभणारी आहे आणि काठासाठी याहून सोयीची नक्षी मला तरी माहीत नाही. काठाच्या मधोमध नागमोडी रेषा, तिच्या खोलगट जागेत कधी पान, कधी घड. ही रेषा एकदा बाहेरच्या अंगाला फुगते, एकदा आतल्या. अशा एका फुगवट्याला ‘वळण’ म्हणू.

कोपऱ्यात वेलीनं बाहेरच्या टोकाकडे फुगून वळावं, म्हणजे 10 बाय 10 चा कोपरा भरलेला दिसतो. चारही कोपऱ्यांत तसंच व्हायला हवं. मग कोपरा सोडल्यावर पहिलं वळण आत येणार, पुढचं बाहेर, मग आत, मग बाहेर, आणि पुढच्या कोपऱ्याच्या अगदी आधीचं वळण पुन्हा आत असायला हवं. सुरुवात आत, शेवट आत. याचा अर्थ दोन कोपऱ्यांमधली वळणं विषम हवीत: 5, 7, 9, 11.

आता आपली मापं घ्या. 10 इंचांच्या काठाला 6 इंचांचं वळण जरा घाईघाईचं दिसतं. साडेआठच्या आसपासचं चांगलं. 42 ला 5 नं भागलं तर 8.4 इंच, छान. 66 ला 8 नं भागलं तर 8.25. दोन्ही मापं जवळजवळ सारखी, म्हणून बाई खूश होऊन शिवायला बसते. आणि तिसऱ्या बाजूला पोचल्यावर कळतं की एका कोपऱ्यात वेल बाहेर फुगली आहे आणि दुसऱ्यात आत दबली आहे. कारण 8 हा आकडा सम आहे. माप बरोबर होतं, गणती चुकली होती. चौथा कोपरा फसल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बऱ्याच या एकाच कारणाच्या असतात.

मग लांब बाजूला 7 वळणं घ्यावीत? 66 भागिले 7 म्हणजे 9.43. शेजारच्या बाजूचं 8.4. फरक शंभराला बाराचा, दिसेल. 9 घेतली तर 7.33, तोही दिसेल. यातून दोन वाटा निघतात. पहिली म्हणजे 7 आणि 11, दोन्ही विषम, सगळी वळणं बरोबर 6 इंचांची. वेल थोडी दाट होईल एवढंच. दुसरी वाट मला जास्त आवडते. लांब बाजूच्या मध्यावर वेल तोडायची. 8 वळणांपैकी 4 डावीकडची, 4 उजवीकडची, एकमेकांच्या आरशातल्यासारखी. डावीकडून आत-बाहेर-आत-बाहेर, उजवीकडूनही आत-बाहेर-आत-बाहेर, आणि दोन्ही वेली मध्यावर येऊन भेटतात. त्या भेटीच्या जागी एक मोठा घड लोंबू द्यायचा. आता दोन्ही टोकांना वळण आतच आहे, चारही कोपरे सारखे आहेत, आणि लांब बाजूला मध्यबिंदू मिळाला तो वेगळाच. बघणाऱ्याला वाटतं तो घड हौसेनं घातला आहे!

ज्यांना एवढं नको असेल त्यांनी कोपऱ्यात वेगळी नक्षी ठेवावी. कोपऱ्यात एक मोठं फूल, आणि वेल दोन्ही बाजूंनी त्याच्या अलीकडे थांबते. यात सम-विषमची भानगड जवळजवळ संपते. थोडी ठेवणीतली पळवाट आहे, पण चांगली दिसते आणि पहिल्या वाकळीला मी तीच सुचवते.

कुठलीही वाट घ्या, कोपरा कागदावर पूर्ण मापात काढून घ्या. त्याला लागून एकेक वळण काढा. एवढा तुकडा जमला की बाकीचा काठ म्हणजे त्याचीच पुनरावृत्ती.

## भागाकार नको असेल तर

बिलाच्या मशीनचा कागदी रोल घ्या. काठाच्या आतल्या लांबीएवढी पट्टी कापा. दुमडा, पुन्हा दुमडा, पुन्हा दुमडा: 8 सारखे भाग. तिघडी घालून मग दुमडली तर 6 किंवा 12. सम आकड्यांसाठी यापेक्षा सोपं काही नाही.

विषम आकड्यांसाठी इलॅस्टिक. 11 भाग हवेत तर इलॅस्टिकवर 4-4 इंचांवर खुणा करून 44 इंच मापून घ्या. मग ते काठावर धरून 66 इंचांपर्यंत सारखं ताणा, दोन्ही टोकं टाचा. सगळ्या खुणा सारख्याच अंतरानं पसरतात. ब्लाउजवर किंवा कुर्त्यावर बटणं बसवायला ही युक्ती वापरणाऱ्या बायका आहेतच, तीच इथे चालते.

नक्षी कापडावर उतरवायला बटर पेपरवर ती काढायची, खाली आणखी दोन-तीन कागद ठेवायचे आणि दोरा न ओवता मशीन चालवायची. सुईची भोकं पडतात. मग कापडावर ठेवून खडूची पूड कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. गडद कापडावर साबणाची झिजलेली वडीही उत्तम उमटते आणि धुण्यात निघून जाते. बॉलपेन मात्र हातात घेऊ नका.

## “लहान नक्षी झेरॉक्सवर मोठी केली तर?”

सगळ्यांच्या डोक्यात पहिली हीच कल्पना येते. 4 इंचांच्या काठाची वेल अडीचपट मोठी केली की 10 इंचांची झाली. दिसायला झाली, पण तिच्यातल्या मोकळ्या जागाही अडीचपट झाल्या. आधी दोन रेषांमध्ये 1 इंच होता तिथे आता अडीच इंच मोकळं कापड आहे. भर धरून ठेवायला तिथे काहीच नाही.

भरीची शीट विकत घेतली तर तिच्यावर बहुधा लिहिलेलं असतं की दोन शिलायांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल. काही कापसाच्या शीटना 2-3 इंचांतच शिलाई लागते, काही 8-10 इंचांपर्यंत दम धरतात. शीट घेतानाच ते वाचून घ्यावं. जुन्या साड्यांच्या भरीवर असं काही छापलेलं नसतं. तिथे मी 2 इंचांच्या वर जात नाही, आणि पॉलिस्टरच्या साड्या असतील तर त्याहून कमी, कारण त्या आतल्या आत सरकतात.

म्हणून रुंद काठाची नक्षी नुसती मोठी करून भागत नाही, तिला भरावं लागतं. एक ठळक आकार आणि त्यामागे बारीक भरणी. आपल्या वेलीत दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच सोडला तर काम करायला 9 इंच उरतात. (बाहेरच्या कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, बसणार आहे, तो आणखी थोडा भाग खातो. तिथपर्यंत पान नेलं तर त्याचं टोक गोटाखाली जातं.) वेलीची रेषा मध्यापासून दोन-अडीच इंच आत-बाहेर जाते. खोलगट जागेत पान किंवा घड बसतो. आणि राहिलेल्या पार्श्वभूमीवर 1 इंचाच्या अंतरानं उभ्या सरळ रेषा किंवा शंकरपाळ्याची जाळी.

इथे एक मजेची गोष्ट घडते. जिथे शिलाई दाट, तिथे कापड दबतं. जिथे विरळ, तिथे फुगतं. म्हणजे पान उठून दिसायला हवं असेल तर पानाच्या आत शिरा कमी घालायच्या आणि पानाच्या मागची जाळी दाट करायची. नवशिक्या याच्या बरोबर उलट करतात. प्रेमानं पानात शिराच शिरा भरतात आणि मागचं मोकळं सोडतात. मग पान खड्ड्यात जातं आणि मोकळं कापड वर येतं.

घडातली द्राक्षं गोल गोल काढताना दोरा तोडायचा नाही. एक गोल पूर्ण करून त्याच्याच कडेवरून अर्धं परत यायचं आणि पुढच्या गोलावर जायचं. परतीची रेषा पहिल्या रेषेवर बसली की कळतही नाही. काठाची नक्षी निवडताना मी आधी हेच बघते की सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात न उचलता ती जाते का. दर दोन इंचांवर दोरा तोडून गाठी माराव्या लागणारी नक्षी कागदावर कितीही सुंदर असली तरी मशीनची नाही, ती हाताची.

आणि काठाचं कापडच मोठ्या फुलांचं छापील असेल तर वेलीच्या फंदात पडू नये. छापील कापडावर शिलाई हरवते. तिथे सरळ रेषाच बऱ्या, वेळ वाचतो. वेल दाखवायची असेल तर सुती, एकरंगी कापड हवं. विट्याकडे यंत्रमागांचा धंदा मोठा आहे, साधं कोरं कापड आपल्या भागात शोधत फिरावं लागत नाही.

## कडेला लाटा का उठतात?

पट्टी नीट मापून लावली, तरी लाटा उठल्या. आता काय?

प्रत्येक शिलाई कापड थोडं आवळते. तिन्ही थर दाबून टाका बसतो, त्यामुळे कापडाची लांबी किंचित कमी होते. एका ओळीत हे जाणवत नाही. शेकडो ओळी झाल्या की जाणवतं. समजा मधल्या भागात दाट शिलाई घातली आणि 66 इंचांतले शंभराला तीन, म्हणजे साधारण 2 इंच आवळले गेले. काठ मात्र विरळ शिवला, तो 66 चा 66 च राहिला. मधला भाग 64 आणि त्याला जोडलेली पट्टी 66. ते 2 इंच जाणार कुठे? लाटा होऊन वर येणार. उलट मध्ये विरळ आणि काठ दाट असेल तर काठ आवळतो आणि मधलं पोट फुगतं.

यावर उपाय एकच, मध्ये आणि काठावर शिलाईचा दाटपणा साधारण सारखा ठेवणं. नक्षी वेगळी चालेल, दाटपणा वेगळा चालत नाही. फोटोतली वाकळ बघून काठ ठरवताना मधल्या भागात किती शिलाई आहे हे कुणी बघत नाही, आणि तोच पहिला प्रश्न असायला हवा. मध्ये 2 इंचांची साधी जाळी असेल तर काठावर अर्ध्या इंचाची भरणी घालू नका.

शिवून झालेली वाकळ लाटा मारत असेल तर विरळ भागात आणखी शिलाई घालून बरंच सावरता येतं. सगळं उसवायची गरज सहसा पडत नाही.

## “हे आमच्या काळ्या साध्या मशीनवर जमेल का?”

जमतं. काठ ही तर घरच्या मशीनवर त्यातल्या त्यात सोयीची जागा आहे. साध्या मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत सहा-सात इंचांची जागा असते. वाकळीचा मध्य शिवताना अर्धी वाकळ गुंडाळून त्या जागेत कोंबावी लागते. काठ शिवताना वाकळीचं ओझं डाव्या हाताला बाहेर राहतं आणि आत फक्त 10 इंचांची पट्टी जाते, तीही एक घडी घालून. डावीकडे एखादं टेबल किंवा पलंग लावून ठेवावा. वाकळ खाली लोंबली की ती सुईला ओढते आणि टाके लहान-मोठे पडतात.

सरळ रेषा असतील तर वॉकिंग फूट, म्हणजे सुईजवळ बसवायचा खास पाय, मिळाल्यास घ्यावा. खालचे दात जसे अस्तर पुढे नेतात तसा हा वरचा थरही सोबत नेतो, त्यामुळे थर एकमेकांवर सरकत नाहीत. वेलीसाठी मात्र कापड सगळीकडे फिरायला हवं. त्यासाठी दात खाली घ्यायचे. मशीनला तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणायची किंवा दातांवर झाकणाची पट्टी बसवायची. रफूचा पाय लावायचा आणि कापड दोन्ही हातांनी आपण फिरवायचं. आता टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, आपला हात ठरवतो. मशीन चालवणारा आपला पाय जोरात आणि हात हळू असेल तर टाके बारीक, उलट असेल तर लांब. इंचाला 8 ते 10 टाके हे लक्ष्य. जाड भरीला 14 किंवा 16 नंबरची सुई. याच तीन थरांचा हातभर तुकडा करून आधी त्यावर दोऱ्याचा ताण बघून घ्यावा.

क्रम महत्त्वाचा. तिन्ही थर आधी मूठ-मूठ अंतरावर सेफ्टी पिना किंवा कच्चे टाके घालून बांधायचे. मग मधला भाग मध्यापासून बाहेर शिवत यायचं. मग काठ जिथे जोडला आहे त्या जोडावरून चारही बाजूंनी एक शिलाई मारायची. काठ सर्वांत शेवटी. आणि काठाच्या लांबीची खूण हे सगळं झाल्यावर पुन्हा मापूनच करायची, कारण तोवर वाकळ थोडी आवळलेली असते. कागदावरचे 66 इंच कापडावर 65 झालेले असू शकतात. इलॅस्टिकची पट्टी इथे पुन्हा उपयोगी पडते.

## “तयार कॉम्प्युटर डिझाइन घेतलं की झालं”

मोठ्या मशीनला लाँगआर्म म्हणतात. तिच्यात वाकळ चौकटीवर ताणून बसवतात आणि मशीनचं डोकं तिच्यावरून फिरतं. कॉम्प्युटर जोडलेला असेल तर डिझाइन निवडायचं आणि ती शिवते. पण तीही विचारते की बाजूची लांबी किती, घरं किती, कोपऱ्यात काय. चुकीचा आकडा दिला तर चूक अत्यंत सफाईनं शिवून देते.

बाजारातल्या स्वस्त रजया कारखान्यात वेगळ्याच मशीनवर होतात. तिथे शेजारी शेजारी अनेक सुया सलग लांब कापडावर एकच नक्षी शिवत जातात आणि नंतर हव्या त्या मापात कापतात. म्हणून त्या रजयांच्या कडेला फुलं अर्धी कापलेली दिसतात आणि कोपरा असा नसतोच. गिऱ्हाइकाला हा फरक बोटानं दाखवावा. आपल्या वाकळीचे जास्त पैसे का, ते समजावून सांगावं लागत नाही.

## “मशीनची वाकळ ती काय वाकळ?”

हा आक्षेप घेणारे खूप. त्यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. धावदोऱ्याच्या वाकळीचा मऊपणा मशीनच्या शिलाईला येत नाही. मशीनचा टाका वरून-खालून दोन दोरे आवळतो, त्यामुळे कापड थोडं कडक होतं, दाट भरणी केली तर जास्तच. बाळाच्या अंगाखालच्या दुपट्याला म्हणूनच मी मशीनचा रुंद काठ घालू देत नाही. पण पलंगावर पसरायची, पाहुण्यांना दाखवायची, वारंवार धुवायची वाकळ असेल तर मशीनची शिलाई चांगली टिकते, आणि एवढा रुंद काठ हातानं भरायचा तर गिऱ्हाइकाला परवडेल असा दर निघत नाही.

## पैसे कसे धरायचे

बचत गटांच्या बायका इथे हमखास फसतात. वाकळीच्या मापावर दर लावतात आणि काठाची भरणी फुकटात जाते. शिलाईच्या लांबीवर हिशोब करावा.

सोपा अंदाज असा. रेषा सरासरी 1 इंचाच्या अंतरावर असतील तर जेवढे चौरस इंच तेवढे इंच शिलाई. आपल्या काठाला 2,560 इंच, म्हणजे 65 मीटर. वरचा आणि बॉबिनचा दोरा मिळून शिलाईच्या अडीच-तीनपट दोरा जातो, म्हणजे जवळपास 200 मीटर. भरणी अर्ध्या इंचाची केली तर शिलाईही दुप्पट आणि दोराही. मधल्या भागाचा हिशोब याच रीतीनं वेगळा. एक मीटर शिलाईला आपल्याला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघावं, दर त्यावरून निघतो.

गिऱ्हाईक कमी करा म्हणालं तर मी भरणी विरळ करत नाही, त्यानं कडा बिघडतात. पट्टी काढून 8 इंचांवर खूण दाखवते. 10 चा काठ 8 वर आणला की काठाची शिलाई 2,560 वरून 1,984 इंचांवर येते, आणि तेवढे पैसे खरोखरच कमी होतात. वळणांचे आकडे मात्र तेच राहतात, कारण आतलं माप बदललेलं नसतं. फक्त वेलीचा फुगवटा थोडा बसका काढायचा आणि कोपरा 8 बाय 8 चा नव्यानं आखायचा.